पियानोची खंडेनवमी

वडील गेल्यावर पुण्यातलं त्यांचं घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा त्यांचा पियानो मी पिंपरी पेंढारला, माझ्या सासरी आणला. मार्केटला कांदा टाकून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून. खाली गोणपाटं, वर गोधड्या आणि त्याला धरून मी. उतरवून घेताना दिरानं विचारलं, "वहिनी, ह्याच्यात ठिवायचं काय?"

आत नाही, पण वर ठेवायला सासूबाईंना खूप काही सापडलं. सपाट जागा मोकळी दिसली की त्यांना चैन पडत नाही. कधी दुधाचं पातेलं, कधी मोबाइलचा चार्जर, एकदा तर नुकतीच धुतलेली मेथीची जुडी. मी म्हणायचे, "आई, लाकूड फुगतं." त्या म्हणायच्या, "फुगंल, परत वाळंल."

आसपासचा ऊस तुटला की रानातले उंदीर घरात घुसतात. त्यांनी आतल्या हातोड्यांवरची लोकर कुरतडू नये म्हणून मी पियानोच्या पायाशी सापळा लावला. उन्हाची तिरीप यायची, त्या खिडकीला सासूबाईंचंच जुनं लुगडं टांगलं. वडिलांचं एवढंच उरलं होतं आणि ते मला बिघडू द्यायचं नव्हतं. वाजवायला मात्र मी बसत नव्हते. झाकण उघडलं की वडीलच आठवायचे, मग पुन्हा बंद.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं एकूण एक अवजार धुऊन पुजतात. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, खुरपी. सासूबाई पाण्याचा पाइप घेऊन अंगणभर फिरत होत्या. सगळं उरकलं आणि पूजेचं ताट घेऊन त्या पियानोच्या खोलीकडे वळल्या. मी दारातच आडवी उभी राहिले.

"आई, पाणी नको, हळद नको, तेल नको. डाग पडतात."

"लई शानी. ठावं हाये मला. सरक."

त्यांनी आधी हात कोरडे केले. मऊ फडक्यानं पियानो पुसला. हळदकुंकू खाली फरशीवर वाहिलं आणि झेंडूचा हार भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"आता चालू कर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भाईर ट्रॅक्टर पुजला, मंग चालू केला का न्हाई? बंद मिशिनीची पूजा लागत न्हाई. बस."

ट्रॅक्टर अजून अंगणात धडधडत होता. मी बसले. वडिलांनी मला शिकवलेली पहिली चाल वाजवली. एक पट्टी चिकटली होती, दोन बेसूर झाल्या होत्या आणि बोटं तर पार विसरली होती. मी रडत रडत वाजवत राहिले. मला फार बरं वाटत होतं.

"तुजं वडील हेच वाजवायचं?"

मी मान डोलावली. सासूबाई ताट घेऊन दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी दिराला हाक मारली.

"आरं, ट्रॅक्टर बंद कर. हिच्या वडलांचं वाजतंय."