जहाजावरच्या अकरा सह्या

"संध्याकाळपर्यंत सव्वीसच्या सव्वीस सह्या आल्या पाहिजेत," अभ्यंकरसर म्हणाले आणि त्यांनी एक कागद माझ्या टेबलावर ठेवला.

कागद इंग्रजीत होता. वर क्रूझ कंपनीचा लोगो, खाली पाच ओळी. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असलं तरी सध्याच्या परिस्थितीत मी स्वखुशीने जहाजावरचा मुक्काम वाढवत आहे, मला लगेच घरी पाठवावं अशी माझी मागणी नाही. मग नाव, हुद्दा, सही.

"सर, सह्या जहाजावरची मुलं करणार. मी काय करू?"

"तुम्ही त्यांच्या घरी फोन करा. आईने, बायकोने सांगितलं की मुलं ऐकतात."

माझी नोकरी मॅनिंग एजन्सीतली. म्हणजे जहाजांना माणसं पुरवणारी कंपनी. मुख्य ऑफिस मुंबईला, आमची शाखा इकडे तेलुगू मुलखात, नारायणगुड्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. मोठ्या क्रूझ जहाजांवर शेकडो माणसं कामाला लागतात. स्वयंपाकी, वेटर, कपडे धुणारे, खोल्या आवरणारे. त्यांचा इंटरव्ह्यू, मेडिकल, व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, सगळं आमच्याकडून व्हायचं. जहाजावर चढायचं ते साइन-ऑन, उतरून घरी यायचं ते साइन-ऑफ. मधल्या सात-आठ महिन्यांत घरच्यांना काही विचारायचं असलं की त्यांचा फोन मला यायचा. एकोणीस वर्षं मी हेच केलं. बहुतेकांना माझं आडनावही माहीत नव्हतं. मी नुसती 'एजन्सीवाली मॅडम'.

कोरोना आला तेव्हा आमची सव्वीस मुलं एकाच जहाजावर होती. प्रवाशांना कंपनीने पहिल्या पंधरा दिवसांत विमानं करून घरी पोचवलं. मागे राहिला क्रू. त्यांना कुठलंच बंदर उतरू देईना. एका बंदराने हो म्हणायचं, जहाज तिकडे वळायचं, दोन दिवसांनी त्याच बंदराने नाही म्हणायचं. माझ्या एक्सेल शीटमध्ये साइन-ऑफच्या अपेक्षित तारखेचा एक रकाना होता. तो मी चौदा वेळा बदलला. पंधराव्या वेळी तिथे नुसतं 'कळवू' असं लिहिलं.

त्यात मग जहाजावर काही जण पॉझिटिव्ह निघाले आणि सगळ्यांना केबिनमध्ये बंद केलं. क्रूच्या केबिन जहाजाच्या पोटात असतात, खिडकी नसलेल्या. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास डेकवर सोडायचे. बाकी वेळ चार भिंती.

कंपनीचं म्हणणं होतं, हे सगळं विमानं मिळत नाहीत म्हणून. आम्ही घरच्यांना तेच सांगत होतो.

"सही केल्याने त्यांचा फायदा काय?" मी सरांना विचारलं.

"सही करणारे को-ऑपरेटिव्ह समजले जातील. विमान ठरलं की त्यांची नावं वर." सर पुण्याहून बदलून आलेले, बोलणं अगदी स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. "आणि हे बघा, क्लायंट नाराज झाला तर पुढच्या सीझनला आपल्याकडून माणसं घेणार नाही. मग याच मुलांना नोकऱ्या कुठून देणार आपण?"

हे काही अगदीच खोटं नव्हतं. आणि नावं वर जातील, हे मला खरं वाटलं. खरं वाटलं असं मी म्हणते, पण मी दुसरा प्रश्न विचारला नाही हे जास्त खरं. ज्याला घरी यायचंय त्याने 'मला घरी यायची घाई नाही' असं लिहून दिल्याने तो आधी घरी कसा येईल? एकोणीस वर्षं कागद वाचणाऱ्या बाईला हा प्रश्न पडायला हवा होता.

मी फोन उचलला.

पहिला फोन फय्याजच्या आईला. फय्याज पेस्ट्रीचा कुक, चोवीस वर्षांचा. घर चादरघाटला. वडील नाहीत. आईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिचा फोन मला एक दिवसाआड यायचाच.

"खाला, फय्याजशी बोलणं झालं का?"

"बात कहाँ करता, मॅडम," ती म्हणाली. "पहले इत्ता बोलता था कि मैं बोलती थी, बस कर. अब मैं पूछी खाना खाया, तो 'हौ'. सोया? 'हौ'. तबियत ठीक है? 'हौ'. बस. मुँह भी नै दिखाता, फोन छत की तरफ रख देता."

मी तिला कागदाचं सांगितलं. सही केली की नाव वर जाईल.

"आप बोल रैं तो सही होगा. मेरेकू क्या समझता. बोलती मैं उसकू."

अर्ध्या तासात तिचा परत फोन. "बोल दी. 'हौ' बोला."

दुपारी जहाजावरून मेल आली. फय्याजची सही असलेला कागद. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मी सव्वीस घरी फोन केले, तेलुगूत, हिंदीत, उदगीरकडच्या दोघांच्या घरी मराठीत. अकरा सह्या आल्या. पंधरा घरच्यांनी सांगितलं, आमचा मुलगा नको म्हणतो. मला त्या पंधरांचा जरा रागच आला. तुमच्याच भल्याचं सांगतेय, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला जहाजावरून फोन आला. नरसिंग. हाउसकीपिंगमधला, अंबरपेटचा, सव्वीसांत वयाने मोठा. त्याने सही केली नव्हती. हिंदी-तेलुगू मिसळून बोलायचा, कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी चढवला.

"मॅडम, तुम्ही आमच्या घरी फोन करून काय सांगितलं?"

"अरे, तुमची नावं वर यावीत म्हणून..."

"कुठल्या लिस्टमध्ये वर? आज इथे बोर्डावर दोन लिस्ट लागल्यात. विमानाची एक. त्यात आम्ही पंधरा आहोत, सही न केलेले. दुसरी लिस्ट दुसऱ्या जहाजाची. त्यात सही केलेले अकरा."

मी डबा तसाच झाकला.

दुसऱ्या जहाजाची भानगड त्याने सांगितली. जहाज रिकामं असलं तरी पूर्ण बंद करत नाहीत. इंजिन, दिवे, पाणी चालू ठेवतात, म्हणजे परवानगी आली की पुन्हा प्रवासी घेता येतात. याला वॉर्म ले-अप म्हणतात. त्यासाठी माणसं लागतात. प्रवासी परत कधी येणार, महिन्याने की वर्षाने, कुणालाच माहीत नव्हतं. तिथे राहायला कुणी तयार नव्हतं. कायद्याने कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवता येत नाही. म्हणून मर्जी लेखी हवी होती.

"आणि हा कागद आमच्याकडे तुमच्या फोनच्या दोन दिवस आधीच आला होता," नरसिंग म्हणाला. "सगळ्यांनी मिळून नको म्हणून सांगितलं होतं. सव्वीसच्या सव्वीस जणांनी. मग तुम्ही आईबापांना आमच्या मागे लावलं."

त्याने फोन ठेवला.

मी शाखेचा कॉमन इनबॉक्स उघडला. तो एरवी सरच बघायचे. शोधायला दोन मिनिटं लागली. जहाजावरच्या एचआरची मेल होती. भारतीय क्रूने नकार दिला आहे, कृपया कुटुंबांमार्फत प्रयत्न करावा. वाचलेली. खाली सरांचं उत्तर: उद्यापर्यंत करतो.

सरांच्या केबिनचं दार ढकलून मी आत गेले.

"सर, मुलांनी आधीच नाही म्हटलं होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"कोण म्हणालं?"

"मेल म्हणते. तुमचं उत्तरही आहे."

ते म्हणाले, "हे बघा, इतकं इमोशनल होऊन हा धंदा होत नाही. कुणाला तरी थांबावंच लागणार होतं."

"मग तसं सांगायचं. जो थांबायला तयार होईल तो थांबला असता. तुम्ही माझ्या तोंडून खोटं वदवलंत."

"तुम्हाला कुणी जबरदस्ती केली नव्हती."

हे वाक्य ऐकून मी तिथून बाहेर पडले. कारण नेमकं हेच वाक्य ते आता त्या अकरा जणांनाही ऐकवणार होते. तुम्हाला कुणी जबरदस्ती केली नव्हती, सही तुमची आहे.

मी माझ्या टेबलापाशी आले आणि कपाट उघडलं. अकरा जणांच्या फायली काढल्या. प्रत्येकाच्या मूळ कॉन्ट्रॅक्टवर संपण्याची तारीख होती. अकराही तारखा उलटून गेलेल्या. फय्याजला चढून दहा महिने झाले होते. मी सगळी कॉन्ट्रॅक्टं स्कॅन केली. मग नरसिंगला मेसेज केला. ज्यांनी सही केली त्या प्रत्येकाने स्वतःच्या मेलवरून कॅप्टनला दोन ओळी लिहायच्या: मला चुकीची माहिती देऊन सही घेतली, ती मी मागे घेतो, मला घरी पाठवा. मेलची प्रत मला आणि सरकारच्या जहाजवाहतूक कार्यालयाला. तुम्ही त्यांच्या दारात जाऊ शकत नसाल तर केबिनच्या फोनवरून एकेकाला सांगा.

"आता हे कशावरून खरं मानायचं?" त्याने विचारलं.

त्याला तो हक्क होता. मी सांगितलं, "मानू नका. त्या कार्यालयाचा नंबर पाठवते, आधी तिथे विचारा. मग करा."

त्याने विचारलं. चार वाजेपर्यंत दहा मेल आल्या. प्रत्येक मेलला मी त्या मुलाचं कॉन्ट्रॅक्ट जोडलं आणि सरकारी कार्यालयाला, खलाशांच्या युनियनला पाठवत गेले. सोबतच्या पत्रात, चुकीची माहिती कुणी दिली यापुढे, मी माझं नाव लिहिलं. त्याशिवाय ते पत्र खरं झालं नसतं.

अकरावी मेल येईना. मी नरसिंगला पुन्हा विचारलं.

"फय्याज नाही इथे, मला आत्ता कळलं," तो म्हणाला. "त्याला आणि फिलिपिन्सच्या काही जणांना आज सकाळीच बोटीने त्या जहाजावर नेलं. बाकीच्यांचा नंबर उद्या होता."

"तो काहीच बोलला नाही? नाही म्हणाला नाही?"

"मॅडम, तो महिनाभर कुणाशी बोलत नाही. बॅग उचलली आणि गेला."

मी त्याच्या नावाने स्वतःच अर्ज केला. सरकारी कार्यालयाचं उत्तर आलं की अर्ज त्याचा स्वतःचा हवा. त्याला फोन लावला तर लागेना, नव्या जहाजाचं इंटरनेट वेगळं. पाच दिवसांनी लागला. मी सगळं सांगितलं, लिहायच्या दोन ओळी वाचून दाखवल्या. तो "हौ" म्हणाला आणि त्याने लिहिलं नाही. तेव्हा मी खालाकडे गेले. दारातच उभं राहून तिला सांगितलं की मी तुम्हाला खोटं सांगितलं, मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण मी विचारायला हवं होतं.

ती म्हणाली, "मैं माँ होके बोली उसकू. वो मेरी बात पे हौ बोला. अब मैं उसकू क्या बोलूँ?"

मी तिला म्हटलं, आता सहीचं, अर्जाचं काही बोलायचं नाही, आता फक्त रोज त्याला कॅमेरा तोंडाकडे धरायला सांगा. आणि त्या जहाजाच्या डॉक्टरला मी लिहिलं, हा मुलगा बोलणं बंद करत चाललाय, त्याला बघा. एकदा नाही, रोज लिहिलं. नवव्या दिवशी डॉक्टरचं उत्तर आलं. त्याने फय्याजला तपासलं होतं आणि कामासाठी तात्पुरता अनफिट लिहिलं होतं. अनफिट माणूस ले-अपच्या जहाजावर ठेवता येत नाही. तरी विमान, परवानगी, क्वारंटाइन असं करत तो घरी यायला अडीच महिने गेले. बाकीचे पंचवीस जण, सह्या मागे घेतलेले दहाही, तोवर केव्हाच आपापल्या घरी होते.

सरांनी मला बोलावलं ते त्या दहा मेलच्या दुसऱ्याच दिवशी.

"तुम्ही क्लायंटविरुद्ध सरकारला लिहिलंत?"

"मी कॉन्ट्रॅक्टवरच्या तारखा लिहिल्या, सर. त्या क्लायंटनेच घातल्या होत्या."

"राजीनामा देता की मी काढू?"

"तुम्ही काढा," मी म्हटलं. "आणि कारण लेखी द्या."

त्यांनी कारण लेखी दिलं नाही. तीन महिने मला खुर्चीवर नुसतं बसवून ठेवलं, मग शाखाच बंद केली. सर मुंबईला गेले, वर गेले असंही ऐकलं. क्रूझ कंपनीचं काहीही वाकडं झालं नाही. तिची जहाजं आज पुन्हा भरून जातात, त्यांच्या जाहिरातीतला निळा समुद्र बघितला की मी चॅनेल बदलते. घरी नल्लकुंट्याला माझा नवरा म्हणतो, आता किती वर्षं झाली, सोड ना. मला सोडायचं नाही.

फय्याज परत जहाजावर गेला नाही. सुलतान बाजारजवळ एका बेकरीत काम करतो. मी एकदा गेले होते. त्याने ओळखलं, मान हलवली, गिऱ्हाइकाला केक बांधून दिला. माझ्याशी बोलला नाही आणि मीही त्याला बळेच बोलायला लावलं नाही. मागच्या बाजूला कुणाशी तरी मात्र मोठ्याने हसत होता, ते मी ऐकलं.

आता समुद्रावर जाणारी मुलं कॉन्ट्रॅक्ट वाचून घ्यायला माझ्या घरी येतात. सोबत घरचं कुणीतरी असतंच. त्यांना मी एकच गोष्ट सांगते. मुलाच्या सहीसाठी ऑफिसमधून तुम्हाला फोन आला, तर समजून घ्या की मुलगा आधीच नाही म्हणून बसलाय. त्याला विचारल्याशिवाय फोनवर कुणालाही हो म्हणू नका, बोलणारी बाई कितीही ओळखीची असली तरी.