काकांचं वासाचं पिंप

अलिबागच्या कोर्टातून निवृत्त झाल्यावर विश्वंभरकाका तळा गावाजवळच्या आपल्या आमराईत राहायला गेले आणि गोमूत्र नि ताक पिंपात आंबवू लागले. कलमांवर फवारायचं औषध म्हणे! त्याचं कौतुक फक्त माश्यांना होतं.

"घरात हे पिंप तरी राहील, नाहीतर मी," सरोजिनीकाकू बजावायची.

"पिंप घरात नाहीच, परसात आहे," काका कोर्टाच्या सवयीने मुद्दा खोडायचे.

फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना एका दुपारी वणवा डोंगरावरचं सुकं गवत खात कुंपणापर्यंत उतरला. कुंपणाच्या आत मोहोरलेली कलमं आणि त्यांना लागून घर. वीज गेल्याने विहिरीचा पंप बंद. मी नि काकू ओल्या डहाळ्यांनी आग झोडत होतो. फवारणीचं मशीन पेट्रोलवरचं, ते चालू होतं, पण पाणी कुठलं? काकांनी पिंपाकडे पाहिलं.

"महिनाभर आंबवलंय गं."

"फवारा म्हणते ना!"

काकांनी पिंप रिकामं केलं. आग कुंपणातच विझली. एका कलमाची चार पानं करपली, बाकी मोहोर जागेवर.

सकाळी शेजारची क्षिप्रा नाक दाबून आली. "काकू, वास कसला हो?"

"आमच्या बंबाचा," काकू म्हणाली, आणि घरातलं उरलंसुरलं ताक स्वतःच पिंपात ओतून आली.