नकाराचे चौदा प्रकार

आमच्या प्रकल्पाचं नाव बॅनरवर मावलं नाही. भाषाविज्ञान, मानसशास्त्र, संगणक आणि व्यवस्थापन अशा चार विभागांनी मिळून ते ठरवलं होतं, आणि प्रत्येक विभागाला त्यात आपला निदान एक शब्द हवा होता. शेवटी बॅनरवाल्याने स्वतःच्या अधिकारात शेवटचे तीन शब्द गाळून टाकले. ते कोणाच्याही लक्षात आलं नाही. त्या तीन शब्दांवर दोन बैठका झाल्या होत्या आणि दोन्हींचं इतिवृत्त मी लिहिलं होतं.

साध्या भाषेत सांगायचं तर पुण्यातली माणसं नाही कसं म्हणतात, याचा तो अभ्यास होता. दवाखान्यात, दुकानात, सरकारी कचेरीत, घरात. बोलणं रेकॉर्ड करायचं, ते शब्दन् शब्द उतरवून काढायचं, आणि नकार सापडला की त्याच्यासमोर क्रमांक टाकायचा. त्यासाठी एक छापील पुस्तिका होती आणि तिच्यात नकाराचे चौदा प्रकार होते. सरळ नकार, कारण देऊन नकार, दुसऱ्याच्या नावावर नकार, पुढे ढकलून, विषय बदलून. हसून दिलेला नकार वेगळा प्रकार धरायचा की नाही, यावरून मानसशास्त्राच्या मॅडम आणि भाषाविज्ञानाचे सर महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्या महिन्यात त्यांचे निरोप मी पोचवायचे. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'संवाद' होतं.

मी संशोधन सहायक होते. खडकीला वडिलांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढले. शाळा इंग्रजी, खाली खेळायची भाषा हिंदी, मराठी घरापुरती. मुलाखतीत सरांनी विचारलं, "मराठी कितपत येतं?"

"बोलता येतं. वाचायला वेळ लागतो."

ते मॅडमकडे वळून म्हणाले, "उत्तम. म्हणजे हिच्या कानाला पूर्वग्रह नाहीत."

माझ्या अज्ञानाला इतकं भारदस्त नाव त्याआधी कोणी दिलं नव्हतं. मला घेण्याचं खरं कारण पुढे कळलं. मी फारशी बोलत नाही, आणि सांगितलेलं करते.

रेकॉर्डर आणायला मला बुधवार पेठेत पाठवलं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "मोबाइल नाही का तुमच्याकडे?"

"आहे. पण हे संशोधनासाठी हवंय. लोक नाही कसं म्हणतात, त्याचं."

"त्याला यंत्र कशाला? इथे तासभर उभ्या राहा."

माझ्या मते त्या तीन वर्षांत प्रकल्पावर झालेली ही एकमेव समंजस टीका. पण तो दुकानदार कुठल्याच विभागाचा नव्हता.

वाघोलीला मला पाठवलं संगणकाच्या सरांनी. ते एका इंजिनिअरिंग कॉलेजातून आठवड्याला एकदा यायचे आणि त्यांना 'नॅचरल डेटा' हवा असायचा, जसं काही लोकांना घरपोच गावरान तूप हवं असतं. तिथल्या एका कॉलेजच्या मागे एक बाई मेस चालवत होत्या. पन्नाशीच्या, शेतकरी घरातल्या. आजूबाजूच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या तशी त्यांनी घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत सहा टेबलं मांडली. मुलं त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी मी पाहिलं नाही.

"मावशी, आज अंडाकरी करा ना."

"आज गुरुवार हाय."

"गुरुवार काल झाला, मावशी."

"मग काल सांगायचं."

मुलगा हसत हसत वरणभात खायचा. मी कोपऱ्यातल्या टेबलावर रेकॉर्डर ठेवून बसायचे. पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "बसा की. पोरांचा दंगा ऐकायला कोण येतंय एवढ्या लांब!"

तिसऱ्या भेटीत, मुलं जेवून गेल्यावर, त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. हात कणकेत होते, म्हणून त्यांनी करंगळीने स्पीकर चालू केला.

"आक्का, कागद तयार हाय. वकील म्हणतोय, ह्या आठवड्यात सही होऊन जाऊ दे."

"अरे, पितरं चालल्यात. पितरांत कुणी असली कामं करतं का?"

"मग घट बसल्यावर येऊ?"

"बसू तर दे. जेवलास का तू?"

फोन बंद झाल्यावर त्या कणीक मळत माझ्याशी बोलू लागल्या. म्हणजे माझ्या दिशेने बोलू लागल्या.

"वडलांच्या जमिनीतला हक्क सोडला म्हणून लिहून मागतोय. माझ्या सहीपायी बिल्डर अडलाय त्याचा. मी सही करणार न्हाई. मरेपर्यंत न्हाई करणार. वडील गेले तवा मला विचारलं बी न्हवतं कुणी. पण तसं तोंडानं म्हणायचं न्हाई. म्हटलं की माहेर संपलं, ताई. भाऊबीजेला मी कुणाच्या दारात जाऊ?"

मी मान हलवली.

"आधी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. मग सुनेचं बाळंतपण. ते बी झालं. आता सण हाईतच." आणि त्या हसल्या.

रेकॉर्डर चालू होता. त्यांना तो दिसत होता आणि त्या त्याला विसरल्याही होत्या. माणूस असं विसरतो, यावरच आमचा सगळा प्रकल्प उभा होता. मी तो बंद करू शकले असते. केला नाही.

मग संमतीपत्र. ते इंग्रजीतून मराठीत आणलं होतं. 'सदर ध्वनिमुद्रणाच्या अनुषंगाने सहभागी व्यक्तीस अवगत करण्यात येते की', अशी सुरुवात होती. मी ते अडखळत वाचून दाखवलं. पाहुण्यांच्या पोराने पाठ केलेलं म्हणून दाखवावं आणि आपण ऐकून घ्यावं, तसं मावशींनी ऐकून घेतलं.

"ठेवा हितं," त्या म्हणाल्या. "ह्यांना दाखवते."

पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "ह्यांचा चष्मा तुटलाय." त्याच्या पुढच्या आठवड्यात, "कपाट आवरलं, त्यात तुमचा कागद कुठं गेला बघा." मी पिशवीतून दुसरा काढला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आज शेपूची भाजी केलीय, खाता का?" म्हणाल्या.

मी भाषाविज्ञानाच्या सरांना सांगितलं की सही मिळत नाही.

"नाही म्हणाल्या का त्या?"

"नाही, पण..."

"मग खाली 'मौखिक संमती' असा रकाना आहे. तिथे खूण करून टाका."

मी करून टाकली. ते चूक आहे असं मला वाटलं होतं. मला बऱ्याच गोष्टी चूक वाटतात आणि मी तसं मनात म्हणते. तिथे म्हटलेलं कोणाला त्रास देत नाही.

दिवाळीनंतर संगणकाच्या सरांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच. "हे तर गोल्ड आहे! सेम स्पीकर, सेम टॉपिक. आधी खोटा नकार, दोन मिनिटांत खरा नकार. असं सॅम्पल जगात कोणाकडे नसेल!" लगेच ठरलं. डिसेंबरच्या कार्यशाळेत ते सगळ्यांसमोर वाजवायचं आणि नंतर वेबसाइटवर ठेवायचं. 'लोकांचे शब्द लोकांना परत' असं मॅडमनी एक घोषवाक्य काढलं होतं. त्यानुसार जिथे जिथे रेकॉर्डिंग झालं, तिथल्या लोकांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायची होती. वाघोलीलाही. मावशींचं माहेर वाघोलीहून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. लिंक भावापर्यंत पोचायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळही लागला नसता.

त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत मी म्हणाले, "सर, ती वाघोलीची क्लिप... म्हणजे एकदा बघायला हवं का..." चर्चा पुढे सरकली. तिथेच बसून इतिवृत्त लिहिताना लक्षात आलं की माझ्या वाक्याला इतिवृत्तात जागाच नाही. लिहिणारी मीच, तरी नाही.

दुसऱ्या बैठकीला मी पुस्तिका घेऊन गेले. आमचीच छापील पुस्तिका. ती उघडून टेबलावर ठेवली आणि घरी तालीम केलेलं एका दमात बोलले. "ह्यांना दाखवते, हा दुसऱ्याच्या नावावर नकार. चष्मा तुटलाय, कारण देऊन नकार. शेपूची भाजी खाता का, विषय बदलून. हे तिन्ही आपल्या पुस्तिकेत आहेत. त्यांनी संमती दिलेली नाही. नाकारली आहे."

भाषाविज्ञानाचे सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, ते डेटामध्ये. हे कागदपत्रांचं काम आहे."

हे ते गंभीरपणे म्हणाले. पुण्यात चार दशकं नकारांवर काढलेला माणूस. त्याच्या तोंडावर कोणी कधी नाही म्हटलंच नसावं, किंवा म्हटलं असेल तर त्याने त्याच्यासमोर क्रमांक टाकला असेल.

"आवाज बदलू ना आपण," संगणकाचे सर म्हणाले. "पिच चेंज केला की सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही."

"भाऊ ओळखेल," मी म्हणाले. "गुडघ्याचं ऑपरेशन त्याला सांगितलेलं आहे."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं माझा मुद्दा टिपला. बैठकीनंतर वही उघडीच होती, म्हणून दिसलं: 'सहायकाचा भावनिक गुंता. निबंधात एक परिच्छेद?'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते संमतीपत्र घेतलं आणि त्याखाली माझ्या वाईट मराठी अक्षरात लिहिलं, 'ही खूण मी केली आहे. या बाईंनी संमती दिलेली नाही. त्यांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी नकार दिला.' खाली सही केली आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या कार्यालयात गेले. तिथल्या क्लार्कनी ते दोनदा वाचलं.

"असं कोणी लिहून देत नाही, मॅडम."

"मी देतेय."

"तुमच्या सरांची सही?"

"नाही."

"घेऊन या."

"नाही आणणार."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, शाई आहे का ते आधी वर्तमानपत्रावर मारून बघितलं, आणि माझ्या कागदावर उमटवला. "पोच हवी?"

"हवी."

आमच्या विद्वानांना माणूस नाही म्हणतो ते ऐकू येत नाही, पण आवक क्रमांक लगेच ऐकू येतो. दुपारी फोन सुरू झाले. चार दिवसांत ती क्लिप कार्यक्रमातून काढली, वेबसाइटच्या यादीतून काढली, आणि मूळ रेकॉर्डिंग व त्याच्या प्रती पुसायचा आदेश आला. संगणकाच्या सरांनी त्या माझ्यासमोर पुसल्या. घरातलं कोणी गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

भाषाविज्ञानाच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रागावले की ते अहोवरून आपणवर जातात. "आपण फार मोठ्या झालात. खूण आपणच केली होती ना? मग चूक आपली. आता शोधनिबंधावर चूक करणाऱ्याचं नाव कसं घालणार?" त्यात खोटं काही नव्हतं. खूण माझीच होती. निबंध चार नावांनी निघाला आणि माझी मुदत वाढली नाही. कार्यशाळेत त्या क्लिपच्या जागी दोन विद्यार्थ्यांकडून भाऊ-बहिणीचा प्रवेश करवून घेतला. बहीण झालेल्या मुलीने पदर डोळ्याला लावला. टाळ्या पडल्या. फारच नॅचरल, असं संगणकाचे सर म्हणाल्याचं मला कोणीतरी सांगितलं.

जानेवारीत मी वाघोलीला गेले. मावशींना सांगायलाच हवं होतं. दारात पोचले तर आत एक माणूस जेवत होता आणि ताटाशेजारी प्लास्टिकची फाइल होती. आवाजावरून ओळखलं.

"आक्का, आता सण बी न्हाई काही."

"पौष हाय की रे. पौषात कोण सही करतं?"

"मग माघात?"

"माघ येऊ तर दे. आमटी वाढू?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. तो आमटी भुरकत, वैतागून, पण बहिणीच्याच घरात बसल्यासारखा बसला होता. मला पाहून त्याने विचारलं, "ह्या कोण?"

"मेसची चौकशी करायला आल्यात," मावशी म्हणाल्या. मी हो म्हणाले.

तो माघात येतो म्हणून गेल्यावर मी सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग कुठे वाजणार होतं, ते आता पुसलं, सगळ्या प्रती पुसल्या. आणि खूण मी केली होती, हेही. त्या उभ्याने ऐकत होत्या.

"तुम्ही केली?"

"हो."

"मी देत न्हवते ते कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत होतं."

त्यांनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग मी निघाले.

त्यानंतर मी दोनदा गेले, नुसतीच जेवायला. दोन्ही वेळा त्यांनी दारातच हसून सांगितलं, "आज जागा न्हाई, ताई." मागे चार टेबलं रिकामी दिसत होती. मी बरं म्हणाले आणि बसथांब्याकडे चालू लागले.