विबेकेच्या अंगणातला कॅमेरा

आमच्या लेमविग गावात बाळं दुपारी बाहेर झोपतात. थंडी असो की वारा. पट्ट्यानं बांधलेली, नाकापर्यंत दुलईत, आपापल्या बाबागाडीत. माझी शेजारीण विबेके लोकांची मुलं घरी सांभाळते, त्यामुळे तिच्या मागच्या अंगणात चार बाबागाड्या ओळीनं उभ्या. मी त्यांना 'विबेकेचं आरमार' म्हणायचो. तिला ते आवडायचं नाही. तिला माझं काहीच आवडत नाही, म्हणून तर मी कुंपणाशी एवढा रमतो.

मार्चमध्ये एकदा तीच कुंपणाशी आली. चेहरा पांढराफटक.

"फ्रोडे, दुपारी माझ्या अंगणात येतोस का रे तू?"

"केक असेल तर येतो की."

"चेष्टा नको. सिल्येच्या डोक्यावर दुसऱ्याच पोराची टोपी होती. मी नव्हती घातली."

"वय झालं तुझं, बाई."

"काल तिची गाडी फिरवून ठेवलेली. परवा पट्टा भलत्याच भोकात." तिचा आवाज खाली आला. "आणि एकही मूल रडलं नाही. अनोळखी हात लागला तर किंचाळतात रे ती. म्हणजे जो कोण येतो, त्याची त्यांना सवय झालीय."

मी कुंपणावरून वाकून चारही गाड्या मोजल्या.

"आईबापांना सांगितलं?"

"सांगितलं तर उद्या एक मूल यायचं नाही, आणि आमचं घर त्यावरच चालतं. नाही सांगितलं आणि एखादं उचलून नेलं तर..."

"एवाल्डला?"

"त्याला कशाला घाबरवू? दुपारचा झोपलेला असतो बिचारा."

एवाल्ड तिचा नवरा. मासेमारी बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस. आता मागच्या खोलीत खुर्चीत. हल्ली मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारायचा. मीही बापाच्या आवाजात ओ द्यायचो, आणि आम्ही दोघं खो खो हसायचो.

शनिवारी कॅमेरा आला. शिडीवर मी, शिडी धरायला विबेके.

"रस्त्याकडे वळव त्याला."

"रस्ता टिपायला बंदी आहे. शेजाऱ्याचं अंगणही नाही. माझ्या दोरीवरच्या चड्ड्या दिसल्या, तर मीच तक्रार करीन."

"अरे, चोर बाहेरून येणार आणि हा माझ्याच घराकडे बघत बसणार? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"कायद्याला विचार."

शेवटी अवजारांच्या खोपटावर तो घराकडे तोंड करून बसला. पुढे बाबागाड्या, बाजूला फाटकाची आतली कडी, आणि मागे विबेकेचं स्वतःचं दार.

सोमवारी मुलं झोपल्यावर तिनं मला बोलावलं. एकटीनं बघायची तिची छाती होत नव्हती. स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला. तिथून अंगण दिसत नाही. टेबलावर फोन उभा केला, कॅमेऱ्यातलं अंगण त्यात थेट दिसत होतं; कॉफी ओतली, ती कुणी प्यायली नाही. आम्ही दोघं फाटकाच्या कडीवर डोळे लावून बसलो. वाऱ्यानं ती जराशी हलली, तर विबेकेची नखं माझ्या मनगटात रुतली.

कडी उघडली नाही. घराचं दार उघडलं.

एवाल्ड. पायात नुसते मोजे. तो सरळ सिल्येच्या गाडीशी गेला, पट्टा सोडला, तिला अलगद उचलून स्वेटरच्या आत घेतलं. पोरगी जागी झाली आणि तिनं त्याचं नाक धरलं. तेव्हा मला वाटलं, संपली भीती. मग तो फाटकाकडे चालू लागला. कडीवर हात. पलीकडे उतार, आणि उताराच्या तळाशी धक्का आणि पाणी.

विबेकेची खुर्ची उलटली. मी तिच्यामागे धावलो. ती ओरडेल वाटलं होतं, पण दारातून बाहेर पडताच ती हळू चालू लागली, पाखराजवळ जावं तशी.

"कुठे निघालात दोघं?"

"धक्क्यावर," एवाल्ड म्हणाला. "बोट लागलीय. आपल्या इंगरला दाखवून आणतो. बघ कशी गप्प आहे."

इंगर त्यांची लेक. तिचे केस पिकायला लागलेत.

"दे इकडे. टोपी घालते, मग जा."

त्यानं लगेच मूल दिलं. विबेके ते छातीशी धरून उभी राहिली.

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणालो.

"गावभर डांगोरा पिटणारा तू, आणि आजच आंधळा झालास?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाहिलंस. संध्याकाळी सगळे पाहतील."

मुलं न्यायला आलेल्या प्रत्येकापुढे तिनं तो फोन धरला. सिल्येच्या आईनं, डिट्टेनं, शेवटपर्यंत पाहिलं, लेकीला घट्ट धरलं आणि निघून गेली. आठवडा संपेपर्यंत अंगण मोकळं झालं.

विबेके आता सकाळी बेकरीत जाते. इंगरची जुनी बाबागाडी तिनं माळ्यावरून काढून अंगणात ठेवलीय, आत नुसती दुलई. कॅमेरा तिथेच आहे. ती नसताना त्याची सूचना माझ्या फोनवर येते. फोन वाजला की मी हातातलं टाकतो. बघतो तर एवाल्ड मोज्यांवर बाहेर आलेला, गाडीची पाठ वाऱ्याकडे करतोय, दुलई सारखी करतोय. मग तो मान वर करून फाटकाकडे बघतो.

आमच्याकडे घरात कुणी बूट घालत नाही. माझी बायको रोज ओरडते, पण सकाळभर मी बूट घालूनच बसतो.