मोजणीकाकांचा नऊ अंकी आकडा

बटणांच्या कारखान्यात मोजणीकाकांनी तीस वर्षं एकच काम केलं. मशीनमधून पडणारं प्रत्येक बटण मोजलं जातंय ना, हे बघायचं. बटण पडलं की खटका दबतो आणि मीटर एकानं पुढे सरकतो. बस्स! दुसऱ्या कुणाला वेड लागलं असतं. काकांनाही लागलं म्हणा, पण आकड्याचं.

३८१६५४७२९. एक ते नऊ, सगळे अंक एकेकदाच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनानं भाग जातो, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तीनानं, चार अंकांच्या संख्येला चारानं, असं करत थेट नऊपर्यंत. "असा दुसरा शोधून दाखवा!" काका ज्याला त्याला धरून सांगत आणि लोक चहा अर्धा टाकून पळत. पॅकिंगच्या टेबलावर काम करणारी त्यांची बायको तर हातच जोडायची. "अहो, भाजी काय आणू ते सांगा. आकडा शिजत नाही."

शनिवारी काका निवृत्त होणार होते आणि शुक्रवारी दुपारी तो आकडा मीटरवर येणार होता. आला असता आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला असता. काकांना तो एकदाच, थांबलेला बघायचा होता. थांबवायचा दांडा ओढल्यावरही मशीन तीन बटणं टाकतंच, म्हणून शेवटचे तीन अंक सातशे सव्वीस दिसले की ओढायचा, असं ठरलं.

शुक्रवारी आकडा जवळ आला, मशीनभोवती बघे जमले आणि नेमके तेव्हाच नवे साहेब आले. "इथे गर्दी कसली?"

झालं! काका त्यांना समजावू लागले, तेही मीटरकडे पाठ करून. बायकोचा जीव खालीवर. शेवटी तिनंच धावत जाऊन दांडा ओढला. खट, खट, खट. सातशे अठ्ठावीस.

"एक कमी!" काका मटकन खाली बसले. मशीन सुरू केलं तर एकावर थांबणार नाही. टेबलावरचं बटण टाकावं, तर ते आधीच मोजलेलं. तेच पुन्हा मोजायचं? असलं पाप त्यांनी तीस वर्षांत केलं नव्हतं.

बायकोनं कपाळावर हात मारला, काकांच्या सदऱ्याचं पोटावरचं बटण हिसडून तोडलं आणि खटक्यावर टाकलं. खट.

"अहो बाई, ते आपल्या कारखान्याचं नाही!" साहेब ओरडले.

"म्हणूनच टाकलं. इथे कधी मोजलेलं नाही ते."

काकांनी उघड्या पोटानिशी वहीत लिहिलं, 'एक बटण बाहेरचं, वजा करावं.' मग ते मीटरसमोर उभे राहिले. नऊच्या नऊ अंक जागच्या जागी होते.

"पुरे आता, मशीन चालू करा," साहेब म्हणाले. पण दांड्याकडे जाता जाता वाकले, शेवटच्या दोन अंकांवर अंगठा ठेवला आणि ओठ हलवत सातानं भागू लागले. "पाच, चार, पाच, दोन, दोन... एक. अरे, गेला की!"

तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी तो भागाकार करून बघितला होता. काका हमसून हमसून रडायला लागले.

"थांबा," साहेब अंगठा सरकवत म्हणाले, "आठाचं बघू दे."