कॅलेंडरामागची भिंत

हे मी कोणापाशी बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, माहेरी न्हाई, जिच्यापाशी पोटातलं सगळं बोलते त्या बहिणीपाशीबी न्हाई. तुमचं-माझं काही नातं न्हाई, म्हणून तुमाला सांगून राहिले — आन् सांगतानाबी आधी दुसऱ्याच गोष्टी तोंडात येतील, त्या येऊ द्या. मला सरळ मुद्द्यावर येता येत न्हाई. काहून येत न्हाई, ते पुढं कळंलच.

आधी माझ्या जाऊबाई सांगते. थोरल्या जाऊबाई, कौसाबाई. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते. थोरले दीर लवकर गेले, लेकी नांदायला गेल्या, तवापासून बाई आमच्यातच. आमचं गाव डोंगरकड्यापासून जवळ. घर दगडमातीच्या भिंतीचं, वर पत्रे. असल्या घरात हिवाळ्यात काय होतं ते गावाकडच्याला सांगायला नको. सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, थंडी पडली, की रानातले सगळे उंदीर-घुशी गावाकडं निघतात. आमच्या गल्लीत एक घर सुटत न्हाई. कोणाचे कपडे कुरतडलेले, कोणाच्या धान्यात लेंड्या.

आमच्या घरात मात्र न्हाई. मी लग्न होऊन आले तवापासून पंधरा हिवाळ्यात, एक हिवाळा सोडला तर, मी आमच्या घरात एक उंदीर पाहिला न्हाई. औषध न्हाई, पिंजरा न्हाई, मांजरसुद्धा न्हाई. बाई म्हणायच्या, "आत आल्यावर मारण्यात काय शानपणा? येऊच कशाला द्यायचं?"

त्यांची कामाची तऱ्हा ऐका. वरीसभर गल्लीतल्या बायांकडून फुटक्या बांगड्या जमवायच्या. कोणाची बांगडी पिचली की ती बाई तुकडे उचलून आमच्याकडंच आणून द्यायची, तशी सवयच लागली होती सगळ्यांना. भांडी घासायच्या तारेच्या घासण्या झिजल्या की त्याबी डब्यात. दिवाळी झाली की बाई काचा कुटायच्या, पांढऱ्या मातीत आन् शेणात कालवायच्या. मग भर दुपारी, ऊन चढलेलं असताना, घराची सगळी दारं-खिडक्या लावून आत अंधारात बसायच्या. डोळे अंधाराला सरावले की बघायच्या — कुठून उजेड येतोय? मोहरीएवढा उजेड दिसला तरी उठून तिथं करंगळी लावायची. करंगळी शिरली तर उंदीर शिरतो, हा त्यांचा हिशोब. आधी तारेची घासणी ठासायची, वरून काचेची माती लिंपायची. उंदरानं दात लावला की काच टोचते, पुन्यांदा तो तिथं येत न्हाई. आठ दिवस रोज एक खोली. शेवटच्या दिवशी हात धुऊन म्हणायच्या, "झालं, घर मिटलं."

शिकल्या नव्हत्या. कोणी शिकवलंबी नव्हतं. पण मी तुमाला सांगते, एवढं बराबर काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं न्हाई. मी वसमतची, शाळा शिकलेली, आन् मला सुरवातीला हसू यायचं — ही बाई भर दुपारी अंधारात काय बसून राहिली म्हणून. तिसऱ्या हिवाळ्यात मी हसणं सोडलं आन् त्यांच्या शेजारी बसायला लागले. ते दिवस मला फार आवडायचे. अंधारात आमी दोघी, आन् त्या हळूच म्हणणार, "त्या तुळईच्या बाजूला बघ गं, दिसून राहिला का?" मला दिसायचं न्हाई. त्यांना दिसायचं.

आन् हे सगळं कशासाठी? तर बियासाठी. उन्हाळी भुईमुगाचं बी बाई घरचंच धरायच्या. एकेक शेंग हातानं निवडलेली. मधल्या खोलीत फळ्यांवर पोती रचलेली असायची. बाईचं बी म्हणजे उगवणारच, असं गाव म्हणायचं. संक्रांतीच्या आगंमागं बाया टोपली घेऊन यायच्या, "बाई, यंदा आमाला थोडं." बाई कोणाला न्हाई म्हणायच्या न्हाईत. वावर त्यांच्या नावावर नव्हतं, घर नव्हतं. पण त्या बियामुळं बाईला गावात मान होता, एवढा की सरपंचीणबाईसुद्धा वसरीत खाली बसून वाट बघायच्या.

आता येते. येतेच.

सात वर्षांमागची गोष्ट. मला मधल्या खोलीत टीव्ही पाहिजे होता. सैपाक करता करता दिसावा, एवढंच. बाई म्हणल्या, "पुढच्या खोलीत हाय की. भिंतीला भोक नको पाडू गं, पेरणीपर्यंत थांब, बी निघालं की पाड." काय चुकीचं बोलल्या? काहीच न्हाई. पण मला राग आला. माझ्या घरात मला एक तार ओढायची मुभा न्हाई का? त्या रानात गेल्या असताना मी डिशवाल्याला बोलावलं. वायर करंगळीपेक्षाबी बारीक, पण भिंत दगडाची — त्यानं छन्नीनं ठोकलं आन् माझी मूठ जाईल एवढं भगदाड पडलं. तो म्हणला, "सिमेंट लावून घ्या ताई," आन् गेला. सिमेंट कुठं होतं घरात? मी खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणलं आन् त्यावर टांगलं. वायर कॅलेंडराच्या मागून वर पत्र्यापर्यंत नेली, तिथूनच आल्यागत दिसावी म्हणून. संध्याकाळी बाईंना म्हणले, वायर पत्र्याच्या फटीतून घेतली. त्या म्हणल्या, "मग बरं. ती फट बुजवून टाकते."

दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यात शेवटी, मधल्या खोलीची पाळी आली. दारं लावून आमी बसलो. बाईंनी एकेक भिंत नजरंनं चाचपली. भिंतीवरले फोटो उतरवून बघितले, कणगी सरकवली. मग कॅलेंडराकडं बोट केलं. "ते काढ गं तेवढं."

मी म्हणले, "त्याच्या मागं मी बघितलंय बाई. भिंत साफ हाय."

एवढंच बोलले. त्यांनी "बरं" म्हणलं आन् हात धुतले. घर मिटलं म्हणल्या.

तुमी म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी बुजवायचं होतंस. व्हय ना. बुजवायचं होतं. रोज वाटायचं, आज बुजवू. पण बाई घरात असताना कसं बुजवणार, आन् त्या रानात गेल्या की मला टीव्ही बघायचा असायचा — हे असं सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण तसंच झालं. पोत्यांच्या मागं खसखस ऐकू यायला लागली होती. मला ऐकू आली होती. मी आवाज वाढवला. टीव्हीचा.

पौषात बाईंनी पोती हलवली. पुढून सगळी धड. मागून आतडी काढल्यागत फाडलेली. शेंगांची नुसती टरफलं, खाली मुतानं भिजलेला भुसा, आन् गुलाबी पिल्लं. बाई खाली बसल्या आन् हातानं टरफलं चिवडत राहिल्या, एखादी तरी भरलेली शेंग सापडती का म्हणून. दोन ओंजळी सापडल्या.

मग त्या वाट शोधायला लागल्या. कुठून आले? दिवसभर शोधलं. सांजच्याला दमून पाण्याच्या हंड्यापाशी पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या रानात गेल्या तशी मी वायर ओढून खरंच पत्र्याच्या फटीतून घेतली, भोकात त्यांच्याच डब्यातल्या घासण्या ठासल्या, त्यांचीच काचेची माती लिंपली, वर चुना फासला, आन् कॅलेंडर परत टांगलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी कॅलेंडर काढून बघितलं तवा भिंत साफच होती. मी म्हणले तशीच.

बाई सगळ्यावर संशय घेत होत्या — पत्र्यावर, उंबऱ्यावर, मोरीवर. माझ्या शब्दावर घेतला न्हाई. शेवटी राहिले त्यांचे सोताचे डोळे. आमचे मालक सहज बोलून गेले, "वयनी, आता वय झालं, नजर ऱ्हात न्हाई." तवा तरी मी तोंड उघडायचं का न्हाई? उघडलं की. मी म्हणले, "व्हय, बाईंना हल्ली कमीच दिसतं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. आन् फाशी देणारीबी चोरच.

त्या संक्रांतीला बाया टोपल्या घेऊन आल्या. बाई दारात उभ्या राहून एकेकीला सांगत होत्या, "यंदा न्हाई गं माय. माझी चूक झाली. मला दिसलं न्हाई." एकेकीला. मी आत पोळ्या लाटत होते, मला सगळं ऐकू येत होतं. सरपंचीणबाई म्हणल्या, जाऊ द्या, दुकानातून आणू. त्या वर्षीपासून दुकानातूनच आणतात.

मीच त्यांना वसमतला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. एसटीत खिडकीपाशी बसवलं, उसाचा रस पाजला. लोक म्हणाले, जाऊ असावी तर अशी. डॉक्टरांनी तपासलं आन् हसून म्हणाले, "मावशी, नजर चांगली हाय तुमची. या वयाला एवढी चांगली नजर मी क्वचित बघतो." मला वाटलं, सुटले. डोळे चांगले म्हणल्यावर बाईंचं मन शांत होईल, विषय मिटंल.

एसटी स्टँडवर बाई बाकड्यावर टेकल्या. मग म्हणल्या, "म्हंजे डोळे न्हाई गं. माझं ध्यानच गेलं. डोळ्यासमोर असून डोक्यात शिरलं न्हाई." त्यांची आई म्हातारपणी लेकरांची नावं विसरली होती. ते मला माहीत होतं. त्यांच्या मनात काय आलं ते मला तिथंच कळलं — बाकड्यावर, त्यांच्या शेजारी बसल्या बसल्या. एक वाक्य बोलायचं होतं. गाडी लागली, मी पिशवी उचलली आन् म्हणले, चला.

त्या हिवाळ्यानंतर बाईंनी ते काम माझ्याकडं दिलं. कुटलेल्या काचांचा डबा माझ्या हातात ठेवला. म्हणल्या, "तू तरणी हायेस, तुझं ध्यान ठिकाणावर हाय." आता दिवाळी झाली की मी अंधारात बसते. सगळं तसंच करते, करंगळीबी तशीच लावते. एक उंदीर येत न्हाई. गल्लीतल्या बाया मला बोलावून नेतात, आमचं घर बघून दे म्हणतात. आन् बाई सगळ्यांपुढं कौतुक करतात, "हिचा हात लई बराबर." मी त्यांच्यासारखं मन असलेलं माणूस पाहिलं न्हाई. एवढं नुकसान झालं, पण कोणावर आवाज चढवला न्हाई. सोताला मात्र माफ केलं न्हाई.

बाईंचं ध्यान कुठंबी गेलेलं न्हाई. सगळ्या नातवंडांचे वाढदिवस त्यांना पाठ हायेत. कोणत्या म्हशीनं कधी दूध आखडलं ते सांगतात. पण सात वर्षं झाली, त्या सोताच्या कुठल्याच कामावर विसंबत न्हाईत. चूल विझवली की मला विचारतात. गोठ्याची कडी लावली की मला विचारतात. रोज दिवेलागणीला दार लावून येतात, खाटेवर बसतात आन् हाक मारतात, "बघ गं तेवढं, मी दार लावलं का?"

मी उठून जाते, बघते. दार लावलेलंच असतं. परत येऊन म्हणते, "लावलंय, बाई."

मग त्या झोपतात.