सुनेसाठी घेतलेलं अत्तर

धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि माय सानगडीहून भंडाऱ्याला माझ्याकडे आली. सुनेच्या शृंगारपेटीतलं बाकी सगळं तिने साकोलीत घेतलं होतं. बांगड्या झाल्या, टिकल्या झाल्या, पावडर-कुंकू झालं. फक्त सेंट राहिला होता. तो मोठ्या दुकानातून आणि स्वतः हुंगूनच घ्यायचा, असा तिचा हट्ट.

"डब्यावरचं चित्र पाहून कोणी सेंट घेते का?" असं ती बसमधून उतरल्या उतरल्या मला म्हणाली.

मायच्या नाकाचं आमच्या घरी भारी कौतुक. बाबांची शेती आणि धानाचा छोटा व्यापार. कोणी सुवासिक चिन्नोर म्हणून तांदूळ आणला की बाबा मूठभर तांदूळ आत पाठवायचे. माय मूठ नाकाशी नेऊन आतूनच हो किंवा नाही सांगायची. शेजारच्या बाया दूध नासलं का ते विचारायला वाटी घेऊन तिच्याकडे यायच्या. आम्ही भावंडं लहानपणी मोहफुलं तोंडात टाकून घरी आलो तर दारातच पकडली जायचो. त्यामुळे सुनेचा सेंट माय नाकानेच निवडणार, यात मला काही वावगं वाटलं नाही.

मी तिला बाजारातल्या एका जुन्या अत्तराच्या दुकानात नेलं. एका भिंतीला काचेच्या बुचांच्या लहान लहान बाटल्या, दुसऱ्या भिंतीला हल्लीचे स्प्रे. दुकानात पाय टाकताच वासाचा लोट अंगावर आला. मालक वयस्क होते, बोलायला फार गोड. लग्नाचं आहे म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे केलं आणि मायच्या हाताच्या पाठीवर गुलाबाच्या अत्तराचं एक बोट ओढलं.

मायने हात नाकाशी नेला, डोळे मिटले. मग म्हणाली, "दुसरा दाखवा."

त्यांनी मोगरा लावला, मग केवडा, मग खस. दर वेळी माय हात वर न्यायची, डोळे मिटायची आणि थोडा वेळ तशीच राहायची. आपलं नाव पुकारायची वाट पाहत बसलेलं माणूस असतं तशी. मग मान हलवायची. मनगटापासून कोपरापर्यंत हात तेलकट चमकायला लागला.

"ये देखिए अम्मा, असली हिना है. कपड़ा धुल जाएगा, खुशबू नहीं जाएगी."

माय हिना हुंगत राहिली. मग तिने अगदी सरळ, शांत आवाजात विचारलं, "भाऊ, तुम्ही याच्यात पाणी टाकलं का?"

मालकांचा हात बुचावर थांबला. "अम्मा, आज तक किसी ने ऐसा नहीं बोला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मायचा हात ओढून स्वतःच्या नाकाशी धरला आणि झटक्यात मागे घेतला. पाच-सहा अत्तरं एकात एक मिसळून असा काही उग्र दर्प झाला होता की डोक्यात कळ आली. पलीकडे स्प्रे पाहणाऱ्या बाईने तर केव्हाचा पदर नाकाला लावला होता. मी मान वर केली तेव्हा माय माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"तुले येते का वास?"

"येते का म्हणजे? डोकं उठलं माहं! तुले नाही येत का?"

"येते न. काहून नाही येणार?" ती घाईघाईने म्हणाली. "मले पसंत नाही आला, एवढंच."

मी मालकांची माफी मागितली आणि तिला स्प्रेच्या भिंतीकडे नेलं. तिथे तिने वेगळीच रीत धरली. बाटली हातात घेतली की आधी माझ्या नाकाशी धरायची आणि विचारायची, "सांग बरं, फुलावानी आहे का लाकडावानी? गोड आहे का?" मी सांगायचे आणि ती मान डोलवायची, जणू आधीच तिला ते माहीत होतं. शेवटी गोल, गुलाबी झाकणाची एक बाटली निवडली. मी पैसे द्यायला वळले तर तिने अजून एक बाटली पुढे सरकवली. पुरुषांचा वाटावा असा झणझणीत स्प्रे होता तो.

"हा कोणाले?"

"मले," ती म्हणाली.

उभ्या जन्मात मायने स्वतःसाठी सेंट घेतला नव्हता. गजरा माळला तरी पुरे, असं तिचं म्हणणं असायचं. मी हसले. सासू होणार म्हणून नटायची हौस आली, असं मी चिडवलं. ती हसली नाही. तिने बाटली पिशवीत घातली आणि पिशवी छातीशी धरली.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि कपडे काढायला गच्चीवर गेले. परत आले तर जिन्यातच करपल्याचा वास. चहा आटून, जळून भांडं काळं झालं होतं आणि माय तिथेच, ओट्याला टेकून, खिडकीतून बाहेर पाहत उभी होती. मी गॅस बंद केला तेव्हा ती दचकली.

मी काळं भांडं मोरीत टाकलं आणि दुसरा चहा ठेवून तिथेच उभी राहिले.

दिवेलागणीला ती देवापाशी बसली. आमच्याकडे दिवा लावला की तो आपसूक विझू देतात, कोणी मुद्दाम विझवत नाही. पण मी पाण्याचा तांब्या द्यायला गेले तर मायने फुलाच्या देठाने वात विझवलेली आणि तिच्यातून निघणाऱ्या धुराच्या रेघेवर नाक धरलेलं. एवढ्या जवळ, की मला वाटलं केस पेटतील. तिने श्वास आत ओढला. थांबली. पुन्हा ओढला.

"माय, काय करून राहिली?"

तिने मागे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा. मग ती भिंतीला टेकून बसली.

"दार लोट," म्हणाली.

मी दार लोटलं.

"माही माय सांगत होती. विझल्या वातीचा वास ज्याले येत नाही, त्याचे दिवस भरले म्हणून समजायचं. मी रोज पाहतो. दिवाळीपासून पाहून राहिलो. नाही येत."

"दिवाळीपासून?"

"आधी वाटलं सर्दी आहे. मंग भाताचा वास गेला. मंग गोठ्याचा गेला. तुह्या बाबाले वाटते मी तांदूळ हुंगून सांगतो. मी नुसता दाणा पाहून सांगतो, बाई. आतापर्यंत चुकलो नाही, पण चुकीन."

तो झणझणीत स्प्रे तिने कशाला घेतला, तेही तिने सांगितलं. आपल्या अंगाला घामाचा, शेणाचा वास येतो का, हे तिला कळत नव्हतं. लग्नात व्याह्यांच्या बाया जवळ येतील, गळ्यात पडतील. त्यांनी नाक मुरडू नये म्हणून.

मी तिला म्हणाले की वातीबितीचं काही खरं नसतं. म्हणताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं, आत सूज दिसते म्हणाले, थेंब लिहून दिले. महिनाभरात वास आला नाही तर नागपूरला डोक्याचा एमआरआय करून घ्या, असंही म्हणाले. बाहेर आल्यावर मायने माझं मनगट घट्ट धरलं.

"लग्न होऊ दे. तोवर बाबाले एक शब्द सांगायचा नाही."

मी भांडले. माझ्या नवऱ्यानेही तिला समजावलं, गाडी करून आजच जाऊन येऊ म्हणाला. तिने ऐकलं नाही. पोरीकडच्यांना कळलं की सासू आजारी आहे, तर ते काय विचार करतील, हे एकच पालुपद. थेंबांची बाटली घेऊन ती सानगडीला परत गेली.

त्यानंतर मी रोज फोन करायचे. "आला का वास?" विचारलं की ती दुसरंच काही बोलायची. आणि हळूहळू त्या दुसऱ्या बोलण्यातही काहीतरी बिघडत चाललं. आमची माय मोजून बोलणारी. ती आता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, मध्येच हसायची. भाऊ म्हणाला, लग्नाच्या आनंदात आहे. बाबा म्हणाले, आजकाल माही बायको भांडतच नाही. ते खुशीत होते. मी मात्र फोन ठेवल्यावर लग्नाला किती दिवस उरले ते मोजायचे.

हळदीच्या दिवशी मी सकाळीच पोचले. अंगणात मांडव, मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या चुली, पाव्हण्यांची ये-जा. माय कुठे दिसेना. मामी म्हणाली, मागच्या खोलीत हळदीचं तेल गरम करायला गेली. मी बोळीतून तिकडे निघाले आणि अर्ध्या वाटेतच थबकले. गॅसचा वास. थोडाथोडका नाही, कोंडलेला, घशात बसणारा.

दार आतून ओढलेलं होतं. मी ढकललं. खिडकी बंद. सिलिंडरची नळी शेगडीपाशी सुटून लोंबत होती, सू सू असा बारीक आवाज येत होता आणि त्या सगळ्यात माय पाटावर निवांत बसून काड्यापेटी उघडत होती.

"माय! काडी ओढू नोको!"

तिने माझ्याकडे पाहिलं. काडी तिच्या बोटांत होती. मी झेप घेऊन पेटी हिसकली, बोळीत भिरकावली, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली आणि तिला दोन्ही काखांत धरून बाहेर ओढलं. माझा ओरडा ऐकून बाबा धावत आले. वास येताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काहून वो, तुले वास नाही आला?" त्यांनी विचारलं.

आणि माय हसायला लागली. भिंतीला टेकून, तोंडावर पदर न घेता, लहान पोरीसारखी खदाखदा. बाबा पाहत राहिले. पाव्हणेही गोळा झाले, काहींना वाटलं काही गंमत झाली, तेही हसले. हसू थांबल्यावर ती मला म्हणाली, "हात कायले ओढला? बांगडी फुटली न माही." मरता मरता वाचलो हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. नाक गेल्याची मला तोवर भीती वाटत होती. त्या दिवशी कळलं की जे काही तिच्यात शिरलं होतं, ते नाकाच्या पुढे पोचलं होतं.

मी बाबांना गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी अंगणातल्या मांडवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "लग्न उद्यावर आहे. उद्याचा दिवस तिच्या बाजूहून हलू नोको."

मी हलले नाही. मांडवात तिच्या अंगाला स्प्रेचा एवढा दर्प येत होता की विहीणबाई गळाभेट घेऊन शिंकतच मागे सरकल्या. वरमाय म्हणून मिरवायच्या वेळी ती खुर्चीवर शून्यात पाहत बसली. पण संध्याकाळी नवी सून पाया पडायला वाकली, तेव्हा काय झालं कोणास ठाऊक, तिने तिला उठवून जवळ घेतलं, तिच्या मानेशी नाक नेलं, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वा! पोरगी कशी फुलावानी घमघमून राहिली!"

सून लाजली. बाया हसल्या. माझी नजर बाबांकडे गेली, त्यांनी मान खाली घातली होती.

मांडव उतरायच्या आधी आम्ही तिला नागपूरला नेलं. कपाळामागे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, वासाच्या नसांवर गाठ वाढलेली होती, लिंबाएवढी. बरीच वर्षं वाढत असणार, डॉक्टर म्हणाले. कर्करोगाची नव्हती, पण मेंदूला पुढून दाबत होती, म्हणून ते हसणं, ते बेफिकीर होणं. उजवा डोळाही अधू व्हायला लागला होता. ते तिने कोणाला सांगितलंच नव्हतं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. बाबा, भाऊ आणि मी बाहेरच्या बाकावर. दार उघडलं की तिघंही उठून उभे राहायचो आणि दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारली जायची. उन्हं कलल्यावर आम्हाला बोलावलं. गाठ निघाली होती. डोळ्याच्या नसेला चिकटलेला एक तुकडा मात्र तसाच ठेवावा लागला. तो काढताना दृष्टी गेली असती. तो वाढतो का नाही, हे दर वर्षी पाहावं लागेल.

माय परत आली. बोलणं ताळ्यावर आलं, ते विचित्र हसू गेलं. वास आला नाही, येणारही नाही. आता दूध सून पाहते, सिलिंडर सून लावते, बाबा तांदूळ तिच्याकडेच पाठवतात आणि ती बिचारी दर वेळी गोंधळते. मायला त्याचं काही वाटत नाही. पूर्वी तिला वाटलं असतं. पूर्वीची माय तांदूळ हातातून हिसकून घेती. कधी कधी ती ओसरीवर बसलेली असते, मी समोर असते, तरी मला वाटतं की तिच्यातलं थोडं काहीतरी त्या ऑपरेशनच्या टेबलावरच राहिलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, एवढं तर होणारच.

या वर्षीची तपासणी आता जवळ आली आहे. मी सुट्टी टाकली आणि फोन करून सांगितलं की मी येते सोबत.

"तू येऊ नोको," माय म्हणाली. "सुनेले घेऊन जातो."

"काहून?"

"तू सारा वेळ माह्या तोंडाकडे पाहत राहते. तिले काही समजत नाही. ती मोबाईल पाहत बसते."

एवढं म्हणून तिने फोन ठेवला.